धूर परत येऊन राह्यला

तो खोली पाहायला आला आणि त्यानं खोली पाहिलीच नाही. भिंत ठोकून पाहिली नाही, नळ सोडून पाहिला नाही, संडास कुठी आहे हेही विचारलं नाही. शर्टाच्या खिशातून एक उदबत्ती काढली, पेटवली आणि खोलीच्या मधोमध हात लांब करून उभा राहिला. मी दारात. धूर थोडा सरळ वर गेला, मग मोडला आणि मागच्या खिडकीकडे निघाला. हा धुराच्या मागं मागं खिडकीपर्यंत गेला, तिथं थांबला आणि म्हणाला, "चालते. येतो मी राहाले."

मला वाटलं पूजापाठी माणूस आहे. विचारलं, "देव कुठी मांडशील?"

"देव नाई भाऊ. हवा पाह्यली."

बायको आतून ऐकत होती. जेवताना म्हणाली, "ठेवून घ्या त्याले. गुणाचा नसला तरी वासाचा तरी हाये."

तेव्हा ती चालत-फिरत होती.

आमचं घर नागभीडला, स्टेशनच्या बाजूनं. पुढं माझं दुकान, मागं घर, आणि कडेला ही एक खोली. मी पत्र्याच्या पेट्या करणारा माणूस. शाळा चौथीपर्यंत, पुढं बापानं हातात कैची दिली. धान ठेवायच्या कोठ्या केल्या, लग्नाच्या पेट्या केल्या, बादल्यांना बुडं बसवली. आता पेट्या कोणी घेत नाही, पण हात बसत नाही म्हणून ठोकत असतो. बायको मासे धरणाऱ्या ढिवराची पोर, तळ्याच्या काठच्या गावची. आमच्याकडे तळं म्हणजे शेताच्या पोटासाठी केलेलं मोठं पाणी, कडेला मातीच्या बांधाची पाळ, आणि पलीकडे जंगल.

तो मुलचेऱ्याकडचा. तिकडे बंगाली लोकांची गावं वसवली आहेत, त्यातल्या एका गावातला. बाप पाण्यापलीकडच्या मुलखातून आलेला, हा इथंच जन्मला. एका कचेरीत कॉम्प्युटर चालवायचा. पंचेचाळीस उलटलेली, लग्न नाही. मला 'भाऊ' म्हणायचा आणि बायकोला 'काकीमा'. मी म्हटलं, "अरे, मी भाऊ आणि ही काकी, तर आमचं दोघांचं नातं काय लागते?" तो विचारात पडला. खरोखर विचारात पडला. दोन दिवसांनी येऊन म्हणाला, "भाऊ, थे नाई जुळत. राहू द्या तसंच."

असा माणूस.

माणसांना तो तू-तुमी काहीही बोलायचा, पण मशिनीला मात्र 'आपण'. एखादा स्क्रू बसत नसला की हळूच म्हणायचा, "आपण जरा सरकता का?" स्क्रू बसला की, "उपकार झाले." एकदा माझा टेबलपंखा नेऊन दिला त्याच्याकडे, खडखड करत होता. त्यानं पंख्याला कान लावला, डोळे मिटले, आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. मला वाटलं झोपला. मग म्हणाला, "याले राग नाई आला. याचं अंग दुखून राह्यलं." तेल घातलं, पंखा गप्प.

त्याचं एकच म्हणणं होतं, ते दिवसातून दहा वेळा ऐकावं लागे. "गरमीले वाट पाह्यजे." चहा दिला की बशीत ओतून तो बशीकडे पाहत बसे, वाफ जाईपर्यंत. कोणाच्या घरी गेला की चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढून टाके. बाया शिव्या द्यायच्या. थंडीत एसटीत खिडकी उघडी ठेवून बसे आणि आख्खी गाडी याच्या नावानं बोंबले. रात्री दार उघडं टाकून झोपायचा, मोहल्ल्यातले दोन कुत्रे त्याच्या पायाशी. लग्नाच्या मांडवात गेला की आधी उदबत्ती पेटवून मांडवाची हवा पाहायचा, आणि आचाऱ्याला सांगायचा, भट्टी तिकडे हलवा. आचारी हातात झारा घेऊन उभा. गावानं त्याचं नाव उदबत्तीवाला ठेवलं. त्याला राग नव्हता. "कामाचं नाव हाये," म्हणायचा.

मासा मात्र त्याला पुरा समजे. आणलेला मासा बायकोसमोर धरून उभा राहायचा, ती कल्ले उघडून पाहायची, आणि दोघांची मान एकदमच हलायची. हो किंवा नाही. मला आजपर्यंत कळलं नाही की त्यात काय पाहतात.

मग बायकोला लकवा मारला.

उजवी बाजू गेली. हात, पाय. तोंड थोडं वाकडं झालं, पण बोलणं राहिलं, तेवढं एक बरं. मधल्या खोलीत खाट टाकली. नागपूरहून पोरीनं भिंतीएवढा टीव्ही पाठवला, आईला करमावं म्हणून. चार महिने तिनं मालिका पाहिल्या. एक दिवस म्हणाली, "बंद करा हे. बाया नटून-सजून भांडून राह्यल्या, एकीच्याही घरी भांडे घासणं नाई." टीव्ही बंद. मग ती दिवसभर छताकडे पाहायची.

मी काय करणार? मी दुकानात जाऊन पत्रा ठोकायचो. खरं सांगतो, तिच्याजवळ बसायची मला सवय नव्हती. पत्रा ठोकणाऱ्याच्या घरी बोलायची सवयच मोडते. हातोडी सुरू असली की बाईनं काय सांगितलं ते ऐकू येत नाही. ती दोनदा सांगते, तिसऱ्यांदा सांगत नाही. असे चव्वेचाळीस वर्ष गेले.

तो संध्याकाळी कचेरीतून आला की तिच्यापाशी घटकाभर बसायचा. तिनं त्याला तिच्या गावचं तळं सांगितलं. बापाचा डोंगा होता, झाडाचं खोड कोरून केलेला. बाप रोज डोंग्यातून त्या काठाला जाळं टाकायला जाई, पण पोरींना बसवत नसे. पोरगी डोंग्यात बसली तर जाळं रिकामं येते, असं मानायचे. ती पाळीवर उभी राहून पाहायची. बाप लहान-लहान होत जायचा, मग दिसायचाच नाही.

"त्या काठाले काय होतं काकीमा?"

"मले काय मालूम? म्या पाह्यलं कुठी?"

तो उठला, खोलीत गेला, आणि आठ दिवस गुपचूप होता. त्याच्या खोलीतून काहीतरी खुडखुड ऐकू यायची.

नवव्या दिवशी दुकानात आला. काखेत एक लोखंडी डबा. भंगारवाल्याकडून आणलेला कॉम्प्युटरचा डबा, चपटा, शाळेच्या दप्तराएवढा. दुसऱ्या हातात एक काळी वस्तू, विटेएवढी, तिला दोन लहान पंखे.

"भाऊ, हे कार्ड. टीव्हीवर चित्र काढते ते हेच. तळं काढते, पाणी काढते, धुकं काढते. पण हे या डब्यात मावत नाई. डबा चार बोटं उंच कराचा हाये."

"मोठा डबा घे ना मग."

"मोठा देवळीत नाई बसत."

ते खरं होतं. टीव्हीखाली भिंतीत जुनी देवळी आहे, पूर्वी कंदील ठेवायचो. उंची एक वीत आणि दोन बोटं. त्याचं म्हणणं, डबा तिथंच पाहिजे. खाली ठेवला तर धूळ आणि खाटेजवळ ठेवला तर पंख्याचा आवाज. म्हणजे डबा वीतभरच व्हायला हवा होता, आणि वरची दोन बोटं हवेसाठी. पत्र्याचं काम. माझं काम.

मी विचारलं, "यानं होईल काय?"

"काकीमा डोंगा चालवतीन," तो म्हणाला. "डाव्या हातानं."

मी पत्रा शोधला. आजकालचा पत्रा कागदासारखा, दाबला की वाकतो. जुना जाड पत्रा घरात एकच होता, तिच्या पेटीचा. आमच्या लग्नाची पेटी, मीच केलेली. झाकणावर हिरवा पोपट, चोचीत आंबा. मी ते मनात आणलंच नव्हतं. तीच खाटेवरून म्हणाली, "माह्या पेटीचं झाकण कापा."

"येडी झाली काय?"

"पेटीत आता काय ठेवाचं हाये? कापा."

मी दोन दिवस ऐकलं नाही. माझा बाप पेट्याच करायचा. तो सांगायचा, बाई जिवंत आहे तोवर तिच्या पेटीला भोक पाडू नये, खिळा ठोकू नये. बाकी मी काही पाळत नाही, पण हातातलं काम ज्यानं शिकवलं त्याचं बोलणं हातातच बसते. तिसऱ्या दिवशी ती बोलेचना. मग कापलं.

त्या झाकणात मी चोरकप्पा केला होता. आतल्या बाजूनं कडेला पत्र्याची घडी मारायची आणि तिच्यात दुसरा पातळ पत्रा सरकवायचा. ज्याला माहीत नाही त्याला एकच पत्रा वाटतो. लग्नात तिला दाखवला आणि सांगितलं, यात तुझं जे असेल ते ठेव, मी कधी पाहणार नाही. आणि पाहिलं नाही. आता कापायचं म्हणून तिच्यासमोर तो पत्रा सरकवला. आत काहीच नव्हतं.

"यात काही ठेवलंच नाई तू?"

"ठेवाले काय होतं माह्यापाशी? तुमी बनवून देलं, तेच ठेवलं."

डबा चांगला झाला. खालचा भाग भंगारातला, वरचा तिच्या पेटीचा. बाजूंना पट्ट्या लावून उंच केला, रिबिटा अशा मारल्या की हात फिरवला तर लागणार नाही. आत तो हात घालून कार्ड बसवत होता, "आपण आडवे होता का? हं. उपकार झाले." खाली चार पाय पाहिजे होते, रबराचे, म्हणजे डबा थरथरणार नाही. मी रबर शोधत होतो तर ती म्हणाली, "माह्या चपला घ्या. आता मले कुठी जाचं हाये." तिच्या निळ्या चपलांचे चार तुकडे कापून त्यानं डब्याला पाय केले. म्हणाला, "काकीमा, डबा तुमच्या पायानं उभा हाये." ती हसली, वाकड्या तोंडानं. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग त्यानं खडू घेतला आणि पोपटाच्या अंगावर ठिपके काढायला लागला.

"हे काय?"

"भोकं. गरमी वरून जाईन."

मी हातोडी खाली ठेवली. "पोपटाले भोकं नाई पाडत मी."

"गरमीले वाट पाह्यजे भाऊ."

"मी जलमभर पेट्या केल्या. पेटीत दिवा ठेवून अंधारात पाहतो मी, उजेडाचा एक तीळ बाहेर आला तरी पेटी देत नाई. आणि तू मले भोकं पाडाले सांगतं?"

"पेटीत लुगडं राह्यते, थे श्वास नाई घेत. हा घेते."

खाटेवरून ती ओरडली, "पाडा!" पाडली. पोपटाच्या पंखात ओळीनं, पिसांसारखी. त्यानं डबा सुरू केला, खालून उदबत्ती धरली. धूर खालच्या जाळीतून आत गेला, आणि पोपटाच्या पंखातून बारीक बारीक धागे होऊन वर आला. तो लहान पोरासारखा टाळ्या वाजवायला लागला. खरं सांगू, दिसायला सुंदर होतं. पण मी नजर काढून हातोडी उचलली. तिची पेटी, आणि तिच्यातून धूर.

दुसऱ्या दिवशी तो कचेरीत गेल्यावर मी झाकण खोललं, चोरकप्प्याचा तो पातळ पत्रा मापात कापला आणि सरकवून दिला. एका बाजूची जुनी घडी होतीच, कापलेल्या बाजूची मी मारलेली होती, कारण कोर दुमडल्याशिवाय मी काम सोडत नाही. वरून पोपटाला भोकं दिसत, पण आरपार एकही नव्हतं. स्वतःला म्हटलं, पाल शिरेल, मुंग्या शिरतील, बाजूच्या पट्टीतून हवा जाईल तेवढी पुरे. पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट मला भीती वाटली.

कोणाला सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा डोंगा चालवला. टीव्हीवर कॉम्प्युटरच्या खेळातलं तळं आलं. एवढं मोठं, की मधली खोली राहिलीच नाही. पाण्यावर धुकं, काठाला लव्हाळा, आणि पार तिकडच्या काठावर एक लहान पिवळा उजेड. कुठल्या देशातलं तळं होतं कोण जाणे. त्या खेळात बंदूकही मिळते म्हणे, मारामारी आहे. तिनं सांगितलं, "मले नाई पाह्यजे. डोंगा दे." त्यानं सगळी बटणं डाव्या हाताला आणून दिली होती. अंगठा पुढं दाबला की टीव्हीतला नावाडी वल्हं पाण्यात घाली.

"असं वल्हं मारते का कोणी?" पहिलं हेच बोलली. "पाणी कापून नाई राह्यला, पाण्याले थापडा मारून राह्यला."

"त्याले शिकवणारं कोणी नोतं काकीमा."

मी दारात उभा. तिचे पाय चादरीखाली, आणि ती पाण्यावर. काठ मागं गेला, लव्हाळा मागं गेला. एक बगळा उडाला, तिनं मान वळवून पाहिलं. तिला मान वळवताना मी कित्येक महिन्यांनी पाहिलं. मग मी दुकानात गेलो, काम होतं.

वीस-बावीस मिनिटं झाली असतील. त्याची हाक आली, "भाऊ, या! बंद पडला!"

टीव्ही काळा. डब्याला हात लावला तर तवा. तो म्हणाला, "तापला. आपोआप बंद होते, नाईतर जळून जाईन. आता अर्धा घंटा थंड होऊ द्या." आणि हेही सांगितलं, की त्या खेळाला मधे पाण्यात आठवण ठेवता येत नाही. डोंगा काठाला लागला की ठेवतो. मधेच बंद पडला तर पुन्हा याच काठावरून निघायचं.

"म्हणजे मी वापस आली?" ती म्हणाली.

"हो काकीमा. वापस."

मी विंझणा घेतला आणि डब्याला वारा घालायला बसलो. देवळीखाली, तिच्या खाटेला पाठ लावून. तो उठून त्याच्या खोलीत निघून गेला.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्याले काय वारा घालता, मले घाला."

मग तिला घातला.

असं रोज झालं. संध्याकाळी तो डबा सुरू करी, मी दुकानात ठोकत बसे, ती डोंगा काढी. तळ्याच्या मधापर्यंत जाई, उजेड जरा मोठा दिसू लागे, तिथं झाडासारखं काही, झोपडीसारखं काही, आणि डबा बंद. "भाऊ, थंड कराले या!" मी हातोडी टाकून जाई. तो बाहेर. मी खाटेपाशी.

पहिले दोन-तीन दिवस त्यानं डबा उलटसुलट पाहिला, पंख्याला कान लावला, कार्डाला "आपल्याले काय होते?" विचारलं. मग पाहणं सोडलं. मला नवल वाटलं. ज्या माणसाला दुसऱ्याच्या भातावरचं झाकण सहन होत नाही, तो हा डबा रोज तापताना पाहतो आणि गप्प बसतो. एकदाच काय ते म्हणाला, विहिरीवर पाणी काढता काढता, माझ्याकडे न पाहता, "भाऊ, धूर परत येऊन राह्यला."

मी म्हटलं, "कुठला धूर?"

"असाच." बादली उचलून गेला.

मी पत्रा काढायला दोनदा गेलो. एकदा ती जागी होती, म्हणाली, "काय शोधता?" मी म्हटलं काही नाही. दुसऱ्यांदा झाकणाला हात लावला आणि बाप आठवला. काढला असता तर सांगावं लागलं असतं की मीच घातला. रोज मनात यायचं, उद्या काढू. तिला म्हटलं, "होत नाई तर सोडून दे ना."

"काऊन सोडू? मधापर्यंत तं जातोच."

त्या अर्ध्या घंट्यात ती बोलायची. हातोडी बंद असायची, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. चव्वेचाळीस वर्षांत जे ऐकलं नाही ते ऐकलं. माझी आई तिला पहिल्या वर्षी काय बोलली ते. आमचा पहिला मुलगा आठ दिवसांचा होऊन गेला, त्याचे डोळे कोणासारखे होते ते. मी म्हणायचो, "हे आधी काऊन नाई सांगतलं?" ती म्हणायची, "सांगतलं होतं. तुमी कोठी ठोकून राह्यले होते." आणि तळ्याचं सांगायची. आज धुकं कमी होतं. आज पाण्याखालून काही गेलं, मरळ असल. त्या उजेडापाशी आज कोणी उभं होतं वाटते.

"कोण?"

"दूर होतं. दिसलं नाई."

तिनं एकदा त्याला विचारलं होतं, तू तर हा खेळ पुरा पाहिला असशील, त्या काठाला काय आहे? तो सांगायला लागला तर तिनंच थांबवलं. "नोको सांगू."

हिवाळ्यात तिला दुसरा झटका आला. सकाळची वेळ. मी चहा घेऊन आलो तर गेलेली होती.

बाया जमल्या. उशाशी उदबत्त्यांचा जुडगा लावला. खोली धुरानं भरली. तो दारात येऊन उभा राहिला, आणि मी पाहिलं, तो तिच्याकडे नाही, धुराकडे पाहत होता. धूर छताला लागून फिरत होता, जागच्या जागी. तो बायांमधून वाट काढत गेला, त्या मधल्या खोलीची मागची खिडकी, जी पंधरा वर्षांत उघडली नव्हती, तिला खांदा लावला. एक, दोन, तीन. खिडकी उघडली. धूर थोडा थांबला, मग वळला आणि हळूहळू खिडकीतून निघाला. तो जाईपर्यंत हा तिथंच उभा. एक बाई म्हणाली, "येडा हाये मेला, इथी पण तेच."

पुढं दोन महिन्यांनी त्याची बदली झाली, मुलचेऱ्याकडेच. आई म्हातारी, त्याला बरंच होतं. जायच्या दिवशी एक पेटी, एक गादी, आणि दोन कुत्रे मागं-मागं. माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "थांब. त्या डब्याच्या झाकणात पत्रा हाये. म्या घातला."

"मालूम हाये भाऊ."

"कवापासून?"

"तिसऱ्या दिवसापासून. तुमी नोते तवा उदबत्ती धरली. खालून धूर गेला, वरतं लागला आणि परत आला."

मला असा राग आला की मी त्याची कॉलर धरली. "मग काढला काऊन नाई? मी तं येडा, मले भीती वाटली. तुले काय झालं होतं? बाई गेली ना त्या काठाले न लागता!"

त्यानं कॉलर सोडवली नाही. तसाच उभा राहून म्हणाला, "काकीमाले सांगतलं होतं. मनलं, वरतं पत्रा हाये, आत्ताच काढतो, आज तुमाले त्या काठाले नेतो. त्या हसल्या. मनल्या, थो चोरकप्पा हाये, मले मालूम हाये, पेटी माही हाये. राहू दे."

"राहू दे?"

"मनल्या, डबा बंद पडला का दुकानातला ठोका बंद पडते. मग हे येऊन बसते माह्यापाशी."

माझा हात खाली आला.

"माह्या जिंदगीत कोंडलेली गरमी पाहून मी कधी गप्प बसलो नाई भाऊ," तो म्हणाला. "तुमच्या घरी बसलो. रोज वाटे, आता काढतो. काकीमा माह्याकडे पाहे, मी बाहेर निघून जाई."

एसटीपर्यंत गेलो मी. खिडकीशी बसला, काच उघडली, आणि गाडी सुटायच्या आधी खिशातून उदबत्ती काढून पेटवली. कंडक्टर ओरडला, "ओ, विझवा थे! मंदिर हाये काय?" गाडी वळेपर्यंत खिडकीतून धुराची एक रेघ दिसत होती. त्यानंतर तो मला दिसला नाही. फोन करतो कधी. तब्येत विचारत नाही, मागची खिडकी उघडी आहे ना ते विचारतो.

उघडी आहे.

डबा देवळीतच आहे, तिच्या चपलांवर उभा. कसा सुरू करायचा ते त्यानं मला शिकवलं होतं. संध्याकाळी दुकान बंद करतो, खाटेवर बसतो आणि डोंगा काढतो. मला वल्हं जमत नाही, पाण्याला थापडा मारतो. लव्हाळा मागं जातो, बगळा उडतो. मधापर्यंत आलो की उजेड दिसतो, त्यापाशी खरंच कोणी उभं असल्यासारखं वाटते. तेवढ्यात डबा तापतो आणि टीव्ही काळा होतो.

पत्रा सरकवून काढायला दोन मिनिटं लागतात. काढलेला नाही. मी विंझणा घेतो, देवळीखाली तिच्या खाटेला पाठ लावून बसतो, आणि डबा थंड होईपर्यंत ऐकत राहतो.